कळ वर सरकली

"नेम तोंडानं बोलून दाखवायचा नसतो, वसू. बोललीस की तो देवाचा उरत नाही, चार लोकांचा होतो. आणि पावलं काढताना बूड टेकायचं नाही. उभ्यानं, कमरेत वाकून काढायची. दारी येणाऱ्या गाईचं स्वागत कुणी बसून करतं का?"

आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. पण चातुर्मास लागला की लखनौच्या महानगर भागातल्या घरी, पहाटे पाच वाजता मागच्या अंगणात वसुधा रांगोळीचा डबा उघडायची, आणि संगमनेरची आई कानाशी येऊन हे सगळं एका दमात बोलून जायची.

गोपद्मं म्हणजे गाईची पावलं. चातुर्मासाचे चार महिने तुळशीपुढे रोज तेहतीस काढायची, अशी ओळीनं पाच वर्षं, मग उद्यापन. मध्ये एक दिवस जरी चुकला तरी वसुधाच्या माहेरच्या रीतीनं पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. दोन हजार अकरा हे तिचं पाचवं वर्ष. चार निर्विघ्न पार पडली होती. तिच्या यजमानांना, चंद्रहासरावांना, मागच्या दारी रांगोळी असते एवढंच ठाऊक. ते रेल्वेतले इंजिनिअर. सातला उठणार, चहाबरोबर पेपर वाचणार आणि ऑफिसला पळणार. रांगोळीतली पावलं मोजायला त्यांना सवड कुठली!

नागपंचमीच्या आदल्या पहाटे एकविसावं पाऊल पुरं करून ती बाविसाव्याला सरकली, आणि उजव्या कुल्ल्यातून जी कळ निघाली ती मांडीच्या मागून, पोटरीच्या कडेनं थेट अंगठ्यापर्यंत गेली. उघड्या तारेला पाय लागावा तशी. डबा हातून निसटला. वसुधानं वृंदावनाचा कठडा धरला, डोळे मिटले, आणि कळ ओसरल्यावर बाविसावं पाऊल काढलं. मग तेविसावं. एरवी पंचवीस मिनिटांत होणाऱ्या कामाला त्या दिवशी पाऊण तास लागला.

तेव्हापासून उजवा पाय तिचा राहिला नाही. बसलं की दुखे, बसून उठताना जास्त दुखे, आणि शिंक आली तर पायात वीज चमके. अंगठ्याला दिवसभर मुंग्या. दुखतंय पोटरीत, म्हणून तिनं पोटरीलाच धरलं. महानारायण तेल चोळलं, गरम मिठाची पुरचुंडी फिरवली, फडकं आवळून बांधलं. पोटरी आपली ठणकतच राहिली.

शेजारच्या मिश्रा भाभी बघायला आल्या. "अरे भाभीजी, नस चढ़ गई है, और क्या! पुराने लखनऊ में एक उस्ताद हैं, एक झटके में बैठा देते हैं."

उस्तादांनी टाचेला धरून असा काही हिसका दिला की वसुधाच्या तोंडून देवाचं नावसुद्धा अर्धंच बाहेर पडलं. "बैठ गई," उस्ताद म्हणाले. नस बसली की नाही देव जाणे, वसुधाला मात्र पुढचे दोन दिवस बसता आलं नाही.

मग चंद्रहासरावांनी कारभार हातात घेतला. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून सुताराकडून फळी आणवली, पलंगावर टाकली आणि फर्मान काढलं, "तीन आठवडे हलायचं नाही. सुशीला धुण्याभांड्याबरोबर स्वैपाकाचंही बघेल. तू फक्त पडून राहा."

"बरं," वसुधा म्हणाली. ती कधी कुणाला नाही म्हणत नसे. आणि रोज पहाटे, ते घोरत असताना, भिंतीला धरून उठायची, वाकून तेहतीस पावलं काढायची आणि पुन्हा फळीवर येऊन पडायची. दिवसभर पडून अंग आखडे, पहाटे वाकलं की कळ आणखी खोल उतरे.

"मागच्या दारी रांगोळी असते हं रोज," एकदा ते म्हणाले. "सुशीला काढते वाटतं?"

"असते आपली," वसुधा म्हणाली आणि कुशीवर वळली.

गणपतीत आरतीला ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि अर्ध्यातच तिचा चेहरा पांढराफटक पडला, तेव्हा मात्र चंद्रहासरावांनी तिला गाडीत घातलं आणि सर्जनकडे नेलं. तपासणी झाली, एमआरआय झाला. सर्जन शांत माणूस होते. त्यांनी पोटरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दर्द की जड़ यहाँ है," त्यांनी तिच्या कमरेवर बोट टेकवलं. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे फुगून, पायात जाणाऱ्या सायटिक नसेच्या मुळावर दाब देत होती. त्यांनी अंगठा वर ओढायला लावला, स्वतःच्या हातानं खाली दाबून जोर पाहिला. "ताक़त अभी है, यह बहुत अच्छी बात है. पैर ढीला पड़ने लगे, पेशाब पर क़ाबू न रहे, या बैठने की जगह सुन्न लगे, तो उसी घड़ी आइए, कल पर मत टालिए. वरना ज़्यादातर लोग बिना ऑपरेशन ठीक हो जाते हैं. और यह तख़्त-वख़्त हटाइए, लेटे-लेटे कोई ठीक नहीं होता. दवा लीजिए, फिज़ियोथेरपी करवाइए. दशहरे तक फ़र्क़ न पड़ा तो ऑपरेशन की बात करेंगे."

परत येताना वसुधा मागच्या सीटवर आडवी पडून बोटांवर दिवस मोजत होती. दसऱ्यानंतर ऑपरेशन म्हणजे हॉस्पिटलात निदान चार दिवस. तिथं अंगण कुठलं आणि तुळस कुठली! कार्तिकी एकादशीला महिना उरलेला असताना नेम तुटणार. चोपन्नाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. तिनं मनातल्या मनात हात जोडले. पायाचं काय व्हायचं ते होवो, नेम तेवढा तडीला जाऊ दे.

विकास नगरच्या बाजारात औषधाच्या दुकानामागे चेतनाचं फिजिओथेरपीचं छोटंसं क्लिनिक होतं. घर मराठी, वडील इथल्याच विद्यापीठात प्राध्यापक. पोरगी इथंच जन्मली, इथंच वाढली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. वय तिशीच्या आत, आवाज खणखणीत, आणि एका जागी उभं राहणं माहीत नाही.

"तो काकू, अब तक पैर का क्या-क्या किया?"

वसुधानं तेल, मीठ, फडकं, उस्ताद, फळी, सगळं सांगितलं. चेतनानं कपाळावर हात मारून घेतला.

"काकू! बटन दबता है गेट पर और घंटी बजती है रसोई में. आप डेढ़ महीने से घंटी को तेल लगा रही हैं!"

चंद्रहासराव खो खो हसले. वसुधालाही हसू आलं, आणि हसताना पायात कळ गेली म्हणून ती 'आई गं' म्हणाली.

"हँसते वक़्त भी? नोट कर लिया," चेतना म्हणाली. तिनं टेबलावरचे प्लॅस्टिकचे मणके उचलले. "देखिए, दो हड्डियों के बीच यह गद्दी है. ऊपर से सख़्त, अंदर से नरम. आप आगे झुकीं, तो आगे का किनारा दबा. अंदर का माल कहाँ जाएगा?"

वसुधानं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत एकदम ओळख उमटली. "मागच्या काठाला! अगं, पुरणपोळीचंच की. लाटणं एका बाजूला दाबलं की पुरण दुसऱ्या काठाला जमतं. फार दाबलं तर फुटून बाहेर येतं."

"अरे वाह!" चेतना टाळी देऊन म्हणाली. "आई को बताऊँगी. चार साल पढ़ी मैं, और समझाया काकू ने."

"आणि त्या काठाला लागूनच ती नस?"

"बिल्कुल लगकर. तो अब माल को वापस आगे भेजना है. उलटा लेटिए."

वसुधा पालथी पडली. आधी दोन मिनिटं नुसती, मग कोपरांवर छाती उचलून. मग तळहातांवर जोर देऊन, कंबर टेबलाला चिकटलेली ठेवून, छाती वर. दहा वेळा, मग थांबून पुन्हा दहा वेळा. चेतना प्रत्येक वेळी एकच विचारत होती, "अब कहाँ है?"

"अंगठ्यात... अंगठ्यात... थांब गं." वसुधानं श्वास रोखला. "अंगठ्यात नाहीये. घोट्यात आहे."

"ध्यान से, काकू. पक्का?"

"पक्कं. घोट्यात."

"तो यह दर्द चलता है!" चेतना ओरडलीच. "जो दर्द चलता है, उसे घर भेजा जा सकता है. सुनिए, उसका घर कमर में है. नीचे गया तो बुरा, ऊपर सरका तो अच्छा. भले ऊपर ज़्यादा दुखे. दिन में छह बार यही करना है. थोड़ा-थोड़ा टहलना है. आधे घंटे से ज़्यादा बैठना नहीं और आगे झुकना बिल्कुल नहीं. जूती भी झुककर नहीं."

"नाही वाकणार," वसुधा म्हणाली. म्हणताना तिनं चेतनाकडे बघितलं नाही.

चंद्रहासरावांच्या अंगात त्या दिवशी वारं संचारलं. इतके दिवस बायको कण्हत होती आणि त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. आता मोजता येईल असं काहीतरी हाती लागलं होतं. त्यांनी आलेखाचा कागद फ्रिजवर चिकटवला आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंत लखनौ ते कानपूरची लाइन आखली. कंबर म्हणजे चारबाग, लखनौचं स्टेशन. कुल्ला मानकनगर, मांडी हरौनी, गुडघा अजगैन, पोटरी उन्नाव आणि अंगठा कानपूर.

संध्याकाळी ऑफिसातून आले की बूट न काढताच विचारायचे, "गाडी कुठे आहे?"

"उन्नावला."

"शाब्बास! सकाळी कुठे होती?"

"कानपूरला," वसुधा हळू आवाजात सांगायची.

हाच तर घोळ होता. दिवसभर व्यायाम करून कळ संध्याकाळपर्यंत पोटरीत, कधी गुडघ्यातही यायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते उठून विचारायचे तेव्हा गाडी पुन्हा कानपूरच्या फलाटावर उभी. एक दिवस नाही, सलग दहा दिवस. आलेखावर करवतीचे दात उमटले होते.

"कुणीतरी रात्रीतून इंजिन उलटं जोडतंय," ते डोकं खाजवत म्हणाले आणि दहाव्या दिवशी तो कागद घेऊनच क्लिनिकात गेले.

चेतनानं तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. या खेपेला ती हसली नाही.

"काकू, दशहरे को बारह दिन हैं. रात और सुबह सात के बीच कुछ हो रहा है. आप मुझे बता नहीं रहीं, या आपको पता नहीं. यही चलता रहा तो मैं ख़ुद सर्जन साहब को लिखूँगी कि मुझसे नहीं होगा." मग तिनं चंद्रहासरावांकडे पाहिलं. "काका, आप बाहर बैठिए, चाय पीजिए."

पडदा ओढून ती वसुधापाशी आली. "अब ऐसा कीजिए. सुबह उठने से चाय तक जो-जो करती हैं, यहीं करके दिखाइए. नाटक समझकर."

वसुधा टेबलावर आडवी झाली. चेतनानं शिकवल्याप्रमाणे कुशीवर वळून उठली. "मग तोंड धुते."

"कैसे? झुककर?"

"नाही, सरळ उभं राहून. तू सांगितलंस तसं."

"नहाना?"

"स्टुलावर बसून, नळीनं."

"पूजा?"

"उभ्यानंच, देव आता वरच्या फळीवर ठेवलेत."

"उसके बाद?"

आईचं बोलणं वसुधाच्या कानाशी आलं. 'नेम बोललीस की चार लोकांचा होतो.' तिचे हात आपसूक पदराखाली गेले.

चेतनानं पुढे होऊन तिचा उजवा हात हळूच बाहेर काढला आणि उजेडात धरला. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या रेषांमध्ये पांढरी भुकटी बसली होती, नखाच्या कडेला चुन्यासारखी.

"काकू. ये रांगोळी है ना? मेरी आई के हाथ दिवाली में ऐसे होते हैं. आज तो दिवाली नहीं है."

बाहेर दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. एका बाजूला आई, बारा वर्षांपूर्वी गेलेली. दुसऱ्या बाजूला ही पोर, जिनं तिचा पाय दहा दिवस स्वतःच्या पायासारखा सांभाळला होता. आणि तिच्याशी आपण रोज, शांत तोंडानं, लबाडी करत होतो. नेम राखायचा म्हणून. हे देवाला दिसत नसेल का? या विचारानं वसुधाचे डोळे भरून आले.

"गोपद्मं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की चेतनाला खाली कान न्यावा लागला. "तेहतीस. रोज. पाचवं वर्ष आहे गं."

"खड़े होकर? कमर से झुककर?"

"हो."

"घुटने सीधे?"

"हो."

"कितनी देर?"

"पूर्वी पंचवीस मिनिटं. हल्ली पाऊण तास."

"उठने के कितनी देर बाद?"

"आंघोळ-पूजा झाली की लगेच. पाच-सव्वापाचला."

चेतनानं दोन्ही हात डोक्याला लावले आणि ती जागच्या जागी गोल फिरली. "मिल गया! काकू, मिल गया! रात भर लेटने से गद्दी पानी पीकर फूली रहती है. सुबह का पहला घंटा सबसे नाज़ुक. और आप उसी घंटे में पैंतालीस मिनट आगे झुकी रहती हैं! मैं दिन भर ट्रेन खींचकर लाती हूँ, आप सुबह धक्का मारकर वापस!"

वसुधानं पदरानं डोळे टिपले. आता येईल ते वाक्य ऐकायला ती तयार होऊन बसली. बंद करा. सोडून द्या.

"छोड़ना मत," चेतना म्हणाली.

"काय?"

"छोड़िए मत, काकू. पाँचवाँ साल कोई छोड़ता है? बस ज़मीन को ऊपर उठा दीजिए. पाट पर, ऊँचाई पर, सीधे खड़े होकर. और उठने के घंटे भर बाद. चलेगा भगवान को?"

आई म्हणाली होती बूड टेकू नकोस. उभं राहूनच तर काढायची. वाकायचं म्हणजे नम्र व्हायचं, असंच असेल ना तिच्या मनात? की हे आपण आपल्या सोयीनं म्हणतोय? देवाला विचारायला गेलं तर देव लगेच उत्तर देत नाही. पण देव कुणाच्या तरी तोंडून बोलतो, एवढा तिचा विश्वास होता, आणि समोरचं तोंड या क्षणी आनंदानं नुसतं फुललं होतं.

"चालेल," ती म्हणाली. "मी विचारीन त्याला. पण चालेल."

परतताना गाडीत तिनं चंद्रहासरावांनाही सांगितलं. त्यांनी वाटेतल्या कपूरथला चौकात गाडी कडेलाच घेतली.

"पाच वर्षं? रोज तेहतीस? आणि ती फळीवरची तीन आठवडे पण?"

"हो."

"आणि मी सुशीलेला दसऱ्याला साडी द्यायची म्हणत होतो, रांगोळी काढते म्हणून!" मग त्यांचा आवाज उतरला. "मला सांगितलं असतंस तर मी काय हसलो असतो?"

"तुमच्या हसण्याची भीती नव्हती हो. नेम बोलायचा नसतो."

"अगं, ऑपरेशन टेबलावर जायची वेळ आली होती!"

"म्हणून तर बोलले," वसुधा म्हणाली. आणि मग ज्याची तिला खरी भीती होती ते विचारलं, "आता बोलून टाकल्यावर मोडला असेल का?"

चंद्रहासराव देवाधर्मातले नव्हते. मुलगा हृषीकेश मुंज झाल्यावर संध्या करतो की नाही हेही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी खरोखरच विचार केला.

"पावलं तर रोज पडली ना?"

"एक दिवस नाही चुकला."

"मग लाइन सलग आहे. तू फक्त सिग्नलवाल्याला कळवलंस. ते कळवायचंच असतं."

त्या संध्याकाळी त्यांनी शिडी लावून माळ्यावरून आपला जुना ड्रॉइंग बोर्ड उतरवला. नोकरीच्या सुरुवातीला पुलांचे नकाशे ज्याच्यावर काढले, तो सागवानी, खालच्या लोखंडी स्टँडसकट. वसुधानं गोमूत्र शिंपडून, गंगाजलानं पुसून तो पवित्र करून घेतला. त्यांनी तो तुळशीपुढे मांडला, तिच्या कोपराच्या उंचीचं माप घेऊन पेच आवळले आणि वर सपाटी बघायला पाणसळ ठेवली.

"अहो, रांगोळी काढायचीय, रूळ नाही टाकायचे."

"बोर्ड तिरपा राहिला तर गाय उन्नावच्या दिशेनं घसरेल. थांब."

दुसऱ्या दिवशी पाचला उठून, आंघोळ उरकून ती अंगणात तासभर हळूहळू फिरली. सव्वासहाला बोर्डापुढे ताठ उभी राहिली. पहिलं पाऊल पडलं. दुसरं. पाय शांत होता. विसाव्या पावलाला पाठीमागं चाहूल लागली. चंद्रहासराव तासभर आधीच उठून, चहाचा कप हातात धरून दारात उभे होते आणि ओठांनी आकडे मोजत होते. तेहतीसला त्यांनी कप वर उचलला.

"गाडी?"

वसुधानं पाय हलवून पाहिला, पुन्हा हलवून पाहिला. तिचा स्वतःवर विश्वास बसेना.

"उन्नाव," ती म्हणाली. "अहो, सकाळी उन्नाव!"

ते अनवाणीच फ्रिजकडे धावले.

पुढचे दिवस घरात सण असल्यासारखे गेले. तिसऱ्या दिवशी अजगैन. अंगठ्याच्या मुंग्या गेल्या. पाचव्या दिवशी वसुधा स्वतःच्या हातांनी पोळ्या लाटायला उभी राहिली. आठव्या दिवशी हरौनी. मिश्रा भाभी फ्रिजवरचा कागद पाहून म्हणाल्या, "भाईसाहब का ट्रांसफर हो रहा है क्या?"

दहाव्या सकाळी मात्र ती उठली आणि कमरेत असं काही दुखलं की तिनं पलंगाची कड धरली. पाय मोकळा होता, अगदी मोकळा, पण कंबर धरली होती. चंद्रहासरावांचा चेहरा पडला. "गेलं सगळं. व्यायाम बंद कर. मी सर्जनला फोन लावतो."

"आधी चेतनाला लावा."

त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. "चेतना, काकूंची कंबर फार दुखतेय. कालपर्यंत कधी इतकी दुखली नव्हती."

"और पैर?"

"पायात काही नाही," वसुधा म्हणाली.

"पिंडली?"

"काही नाही."

"जाँघ?"

"नाही गं."

पलीकडून अशी किंकाळी आली की चंद्रहासरावांनी फोन कानापासून लांब धरला, जरी तो कानाला नव्हताच. "काका, लड्डू बाँटिए! दर्द अपने घर पहुँच गया! मैंने कहा था ना, ऊपर दुखेगा? कसरत बंद मत करना, वही इसे बाहर निकालेगी!"

वसुधा खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. हे समजलं होतं, पुरणपोळीसकट समजलं होतं. तरी प्रत्यक्ष दुखताना तेच आनंदाचं कसं मानायचं हे तिला आत्ता, या क्षणी कळत होतं. तिला हसू फुटलं. चंद्रहासरावांनी लाल पेन्सिलीनं आलेखाची रेघ चारबागला नेऊन भिडवली आणि खाली तारीख, वेळ लिहून चक्क सही केली.

दसऱ्यानंतर सर्जननी पाय सरळ वर उचलून पाहिला, अंगठ्याचा जोर पाहिला आणि ऑपरेशनचा विषयच काढला नाही. "जो कर रही हैं, करती रहिए," एवढंच म्हणाले. कंबरही दिवाळीच्या आत निवळली.

दिवाळीचा फराळ द्यायला वसुधा क्लिनिकात गेली तेव्हा चेतना एकटीच होती, आणि कधी नव्हे ती खुर्चीत बसलेली.

"काकू, तेलीबाग में एक आंटी हैं. पद्मिनी आंटी, नागपुर की. उनके मिस्टर साइंटिस्ट थे, अब रिटायर्ड हैं. बिल्कुल आपवाला दर्द. तीन महीने से बिस्तर पर. मैं घर जाती हूँ, दिन भर में सुधारती हूँ, दूसरे दिन वही का वही. पूछती हूँ तो कहती हैं, कुछ नहीं करती, बेटा."

वसुधानं डबा टेबलावर ठेवला.

"काहीतरी करत असणार."

"मुझे भी पता है. पर मुझे नहीं बताएँगी. मैं उनके लिए बच्ची हूँ. आप होतीं तो..." चेतना थांबली. "रहने दीजिए. आपसे कैसे कहूँ. आपको अपना बताना पड़ेगा, तभी वो बोलेंगी. और आपके लिए वो छोटी बात नहीं है."

छोटी गोष्ट नव्हतीच. एकदा जीव अडकला म्हणून सांगितलं, ते वेगळं. आता पाय बरा असताना, अनोळखी घरी जाऊन, स्वतःहून नेम बोलून दाखवायचा. वसुधाला तीन महिने फळीवर पडलेली एक बाई दिसली. पहाटे घर झोपलेलं असताना भिंत धरून उठणारी.

"एकादशीपर्यंत थांब," ती म्हणाली. "उद्यापन झालं की दुसऱ्या दिवशी जाईन. वचन."

कार्तिकी एकादशीला नेमाचं शेवटचं तेहतिसावं पाऊल पडलं. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, गुरुजींनी उद्यापनाचा संकल्प सोडला, होम झाला, सवाष्ण जेवली. महाराष्ट्र मंडळातल्या बायका बोर्डाभोवती जमल्या आणि चंद्रहासराव प्रत्येकीला पेच कसा फिरवायचा ते दाखवत बसले. त्यांना थांबवायचं कुणाच्या जिवावर येईना.

त्रयोदशीला सकाळी साडेनऊला, ते ऑफिसला गेल्यावर, वसुधानं देवापुढे दिवा लावला. पिशवीत ओटीचं सामान घेतलं, उद्यापनाचे दोन लाडू डब्यात घातले आणि टेम्पोत, म्हणजे इथल्या शेअर रिक्षात, पाठीशी घ्यायला टॉवेलची घट्ट गुंडाळी घेतली. तेलीबाग लांब होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. एका बैठकीत जायचं नाही, हजरतगंजला उतरून दहा मिनिटं चालायचं, मग दुसरा टेम्पो, असं तिनं कालच ठरवून ठेवलं होतं. सुशीला भांडी घासत होती. तिला "येते गं" म्हणून वसुधानं गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून चपला घातल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि कोवळ्या उन्हातून चौकाकडे चालू लागली.